दोन तिरक्या रेघा

एस्केपच्या खाली एक बटण असतं,
नागमोडी खुणेचं. बहुतेकांच्या कीबोर्डवर
ते शेवटपर्यंत नवंकोरं राहतं.
मी ते दाबते, आणि खेळाच्या कपाळावर
काळी पट्टी उतरते:
बोल, काय बदलू?

जरीमरीत, आमच्या पत्र्यावरून विमान उतरतं
तेव्हा आधी मॉनिटर थरथरतो, मग आवाज येतो.
सुगत म्हणतो, गच्चीवरून त्याची चाकं मोजता येतात.
सुगतच्या उजव्या हाताची बोटं
आम्ही कुणी मोजत नाही.

साकीनाक्याच्या गाळ्यात पॉवर प्रेस होता.
हात आत असला की थांबायची सोय होती त्याला,
माल भराभर निघावा म्हणून कुणीतरी बंद करून ठेवलेली.
म्हणजे सेटिंग तिथेही बदललेलंच होतं.
एकाचं शून्य. एवढंच.

त्याचा जुना खेळ: किल्ला, धनुष्य, रानातले लांडगे.
डाव्या हाताने चालायचं, उजव्याने नेम धरायचा.
दिवसा मी मरोळला बिलं टाइप करते,
रात्री फाइल उघडून बसले, शिकत शिकत.
पहिल्या रात्री लिहिलं: अमर बरोबर एक.
सकाळी तो लांडग्यांच्या कळपातून
बाजारातून फिरावं तसा फिरून आला.
दहा मिनिटं.
"हा मरतच नाही. बंद कर."

मग मी गुपचूप लांडग्यांचा वेग कमी केला,
एकाचा शून्य पूर्णांक सहा.
तिसऱ्याच लांडग्याला त्याने ओळखलं.
"यांना काय ताप आलाय?"
मी पोळ्या लाटत राहिले.
"दया लिहून ठेवलीयेस ना कुठेतरी?
पूस ती."

पुसली.
मग पहिल्यांदा विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं:
तुला काय हवंय?
"लांडगे होते तसेच असू देत.
फक्त बटणं माझ्या हाताजवळ आण."

एवढंसं वाटतं. पण नेम कुठे ठेवायचा?
कॅप्स लॉकवर. बाण सोडणं स्पेसबारवर, अंगठ्याला.
उडी करंगळीला झेपेना, ती क्यूवर नेली.
माझा उजवा हात पाठीमागे धरून
मी एकेक बटण त्याच्या हाताने दाबून पाहिलं.
मग खेळ उघडेचना.
दोन वाजले, तीन वाजले.
नळाला पाणी आलं, पिंप भरून आले,
ओल्या हातानेच खाली खाली सरकत गेले,
त्र्याऐंशीव्या ओळीत अर्धविराम राहिला होता.
एका अर्धविरामासाठी
अख्खं रान अडून बसलेलं.

त्या दिवशी तो अकरा वेळा मेला,
दर वेळी त्याच लाकडी पुलावर,
आणि दर वेळी नवी शिवी देऊन उठला.
आईने मोरीतून विचारलं, "मेलास का रे?"
"मेलो!"
"मग जेवून घे."

दोन तिरक्या रेघा ओढल्या
की त्यांच्या पुढचं खेळ वाचत नाही.
फाइलमधली तेवढीच जागा
माणसाने माणसासाठी लिहायची.
बदल केले त्याच्या वर मी नोंद ठेवली होती,
नंतर गोंधळ नको म्हणून:
// उजवा हात वगळला

काल फाइल उघडली.
खाली दोन ओळी माझ्या नव्हत्या,
ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं,
एका हाताने, सावकाश टाइप केलेलं:
// वगळला नाहि. रजेवर आहे, बिनपगारि
// लांडगे वाढव

चाराचे सहा केले.
सेव्ह दाबलं तेव्हा
मॉनिटर थरथरायला लागला होता,
आवाज अजून यायचा होता.